जगाचे वाचन आणि गावचे कपाट

(कळसाडी, जि. नंदुरबार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचनावर व्याख्यान आहे असे कळले, की श्रोत्यांना थोडी धास्ती वाटते. आता वक्ता पुस्तकांना गुरू म्हणणार, मित्र म्हणणार, दिवा म्हणणार आणि आभारप्रदर्शनानंतर चहा घेऊन निघून जाणार. आजचा विषय तसा नाही. आज एका संकल्पाची चर्चा करावयाची आहे. तो संकल्प कळसाडीसारख्या गावात करता येतो की नाही, आणि येत नसेल तर वाट नेमकी कोठे अडते, याचा हिशेब मांडावयाचा आहे.

संकल्प असा. २०१२ साली लंडनमधील ॲन मॉर्गन या लेखिकेने ठरविले, की वर्षभरात जगातील प्रत्येक देशाचे एक पुस्तक वाचावयाचे. घरातील पुस्तकांकडे पाहताना तिच्या ध्यानात आले होते, की आपण स्वतःला मोठ्या वाचक समजतो खऱ्या, पण आपले कपाट जवळजवळ सारे ब्रिटिश आणि अमेरिकन लेखकांनीच भरलेले आहे. देशांची यादी केली ती १९६ ची झाली. इंग्रजीत सारे जग उपलब्ध आहे अशी आपली समजूत असते. पण त्या इंग्रजीतही तिला कित्येक देशांचे एकसुद्धा पुस्तक सहज मिळेना. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ टोमे आणि प्रिन्सिप या बेटांच्या देशातले पुस्तक पोर्तुगीजमध्ये होते, इंग्रजीत नव्हते. शेवटी काही स्वयंसेवकांनी त्याचे भाग वाटून घेतले आणि केवळ तिच्यासाठी भाषांतर केले. दक्षिण सुदान हा देश तर जुलै २०११ मध्ये जन्मलेला. तेथील एका लेखिकेने तिला खास मजकूर लिहून दिला. ब्रिटनमध्ये छापल्या जाणाऱ्या दर शंभर पुस्तकांत भाषांतरित पुस्तके जेमतेम तीन-चार असतात, हे तेथील अभ्यासकांचेच म्हणणे. साम्राज्य जगभर पसरले, पण त्या साम्राज्याच्या भाषेने जगाचे ऐकून किती घेतले, हा प्रश्न त्या एका वाचकाच्या संकल्पाने उघडा पडला.

आता हाच संकल्प कळसाडीत कोणी सोडला तर? त्याला काय काय लागेल? अक्षर लागेल, सवड लागेल, पुस्तक लागेल आणि ते पुस्तक ज्या भाषेत आहे ती भाषा आपली असावी लागेल. लंडनच्या वाचकापाशी यांतल्या तीन गोष्टी हाताशी होत्या. चौथीसाठी तिला जगभर पत्रे पाठवावी लागली. येथे चारही गोष्टी एकेक करून मिळवाव्या लागतात. म्हणून हा संकल्प वैयक्तिक दिसत असला, तरी त्याच्या पूर्ततेचा प्रश्न सार्वजनिक आहे.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो यावाच. ज्या गावात मजुरीचा दर, वनजमिनीचा दावा आणि रेशनवरचे धान्य हे रोजचे प्रश्न आहेत, तेथे परदेशी कादंबऱ्या वाचण्याचे संकल्प ही पोट भरलेल्यांची हौस नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. वाचनाचा असा एक प्रकार आहेच, की ज्यात माणूस देश मोजतो आणि दिवाणखान्यातल्या शिक्क्यांसारखे ते मिरवतो. त्या प्रकाराशी आपल्याला कर्तव्य नाही. पण म्हणून जग वाचणे ही हौसच असते असे ठरत नाही. त्यासाठी तत्त्वचर्चेपेक्षा आपल्याच मुलखातले एक उदाहरण पाहणे बरे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याही पूर्वी हा सारा पश्चिम खानदेश. नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्व खानदेशातले अमळनेर लागते. तेथे १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला एक तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला. छात्रालयातल्या मुलांसाठी तो रोज हाताने एक दैनिक लिहून काढी. रात्री जागून लिहावयाचे, सकाळी मुलांनी ते वाचावयाचे. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, दूरच्या देशांच्या हकिकती असत. छापखाना नाही, वर्गणी नाही, प्रत एकच. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर असे वृत्तपत्र चालणे अशक्य. पण ते चालले, कारण त्याचा सारा खर्च एका माणसाची झोप भागवीत होती.

१९३० मध्ये नोकरी सोडून साने गुरुजी सत्याग्रहात उतरले. धुळ्याचा तुरुंग झाला, मग त्रिचनापल्लीचा. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतले राजबंदी भेटले. एकाच देशासाठी तुरुंगात आलेली माणसे, पण एकमेकांचे शब्द कळेनात. गुरुजींना ही गोष्ट लागली. ते तमिळ शिकू लागले आणि तिरुक्कुरळ हा प्राचीन तमिळ ग्रंथ पुढे त्यांनी मराठीत आणला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर वेगळे बोलावयाची गरज नाही. कमी बोलले जाते ते त्यांच्या भाषांतरांविषयी. टॉलस्टॉयने कलेविषयी लिहिलेला ग्रंथ त्यांनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत दिला. हेन्री थॉमस या लेखकाने लिहिलेला मानवजातीचा इतिहास ‘मानवजातीची कथा’ म्हणून दिला. इस्लामी संस्कृतीवर ग्रंथ लिहिला. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीतला एकाकी विणकर त्यांनी ‘मनूबाबा’ करून मराठी मुलांच्या हाती ठेवला. परदेशाचा प्रवास या माणसाला घडला नाही. रशिया, इंग्लंड, अरबस्तान, सारे त्यांनी पाहिले ते पुस्तकात, आणि त्यातले बरेचसे कोठडीत बसून.

येथे दोन गोष्टी विचारात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी, की गुरुजींचे वाचन स्वतःपाशी संपत नव्हते. पुस्तक वाचून झाले की ते कोणाला देता येईल, कोणत्या शब्दांत देता येईल, हा विचार लगेच सुरू होई. ज्या मुलाला इंग्रजी येत नाही, ज्या शेतकऱ्याला तालुक्याच्या पलीकडचे जग ठाऊक नाही, त्याच्या वतीने हा माणूस वाचत होता. आपल्या वर्गात ‘प्रतिनिधी’ हा शब्द निवडणुकीसाठी राखून ठेवण्याची सवय आहे. वाचनातही प्रतिनिधी असतो, आणि त्याला मतदारसंघ असतो.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. गुरुजींच्या रूपांतरांत परका माणूस लवकर आपला होऊन जातो. इंग्लंडमधल्या खेड्यातला विणकर मराठी नाव घेतो, मराठी माणसांत राहतो, मराठी अश्रू ढाळतो. त्या काळच्या वाचकाला जगाच्या दारातून आत घेण्यासाठी ही युक्ती योग्य होती, यात शंका नाही. पण तिच्यात एक तोटाही आहे. परका माणूस आपल्यासारखाच आहे हे कळणे ही अर्धी गोष्ट झाली. तो आपल्यापेक्षा वेगळ्या देवाला, वेगळ्या भुकेला, वेगळ्या मालकाला तोंड देतो आहे, हे कळणे ही उरलेली अर्धी. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, तेव्हा मराठी लकब आणूनही त्याला क्यूबाच्या समुद्रावरच राहू दिले. आजच्या कार्यकर्त्याने वाचताना परक्याला परका राहू देणारी पुस्तके अधिक निवडावीत. तापीकाठच्या माणसाला तो समुद्र अडचणीचा वाटेल असे मानण्याचे कारण नाही.

गुरुजींचा हा विचार १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीच्या रूपाने पुढे आला. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, साहित्य वाचावे, यासाठी संस्था उभारण्याची ती कल्पना होती. त्यासाठी ते निधी गोळा करीत हिंडले. ११ जून १९५० रोजी ते गेले. विश्वभारतीकडे जाणारा रस्ता आंतरभारतीतून जातो हा त्यांचा आग्रह, आणि जगाचे पुस्तक वाचू म्हणणाऱ्याने तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९६ देशांची यादी करणाऱ्या मराठी वाचकाने आधी स्वतःला विचारावे, की शेजारच्या गुजरातीतले, कन्नडातले, तेलुगूतले शेवटचे पुस्तक आपण कधी वाचले? कळसाडीहून गुजरातची हद्द किती जवळ आहे हे येथे सांगावयास नको. नॅशनल बुक ट्रस्टने भारतीय भाषांतील पुस्तके एकमेकींत आणण्याची मालाच चालविली आहे. तिच्यातली किती आपल्या तालुक्याच्या वाचनालयात आहेत, हे एकदा जाऊन पाहावे.

आता तुरुंगाविषयी एक कटू सत्य. गुरुजींना वाचावयास सवड मिळाली ती इंग्रज सरकारने कोंडून घातल्यामुळे. नेहरूंनी जगाचा इतिहास मुलीला पत्रांतून सांगितला, तोही तुरुंगातूनच. आपल्या राजकीय वाङ्मयातला मोठा भाग राजबंद्यांच्या सक्तीच्या रिकामपणातून जन्मला आहे. शेतमजुराला अशी सवड कोण देणार? दिवाळीनंतर या जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तेथे माणसे ‘कोयता’ या एककाने मोजली जातात. कोयत्याला पुस्तकाची सवड नसते.

या ऊसतोड मजुरांसंबंधी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. यान ब्रेमन हे हॉलंडमधील समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९७० च्या दशकापासून बार्डोलीच्या साखर कारखान्यांच्या परिसरात खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास केला आणि त्यावर इंग्रजीत लिहिले. मुकादमाची उचल, उघड्यावरचे तळ, रात्रीअपरात्री चालणारी तोडणी, सहकारी म्हणविणाऱ्या कारखान्यांची मजुरांशी असलेली वागणूक, सारे त्यात आहे. जगभरच्या विद्यापीठांत हे लेखन वाचले जाते. म्हणजे ॲम्स्टरडॅममधल्या विद्यार्थ्याने खानदेशातला मजूर वाचला. त्या मजुराच्या घरात मात्र, ज्याच्याविषयी ते लिहिले त्याच्याच घरात, ते कोणी वाचून दाखविले असण्याचा संभव थोडा. जग आपल्याला वाचत असते; प्रश्न एवढाच, की त्या वाचनात आपल्याला कधी बोलता येणार की नाही. ज्याच्यावर पुस्तक लिहिले त्याला ते वाचता येणे, चुकले असेल तेथे चूक म्हणता येणे, हा जग वाचण्याच्या संकल्पाचा पहिला धडा असावा.

सवड नाही म्हणून मार्गच नाही, असे मात्र नव्हे. अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण समोर आहे. वाटेगावच्या मातंग वस्तीत १९२० साली जन्मलेला हा मुलगा शाळेत बसला तो दीड दिवस. पुढे मुंबईत मजुरी करता करता त्याला अक्षरे आली, गिरणगावातल्या चळवळीत पुस्तके मिळाली, गॉर्की मिळाला. आणि १९४० च्या दशकाच्या प्रारंभी, व्होल्गाकाठच्या ज्या शहराची लढाई त्याने केवळ वाचली-ऐकली होती, त्या स्टालिनग्राडवर त्याने पोवाडा रचला. रशियाला प्रत्यक्ष जाणे घडले ते पुढे १९६१ साली. त्याचे ‘माझा रशियाचा प्रवास’ हे वर्णन प्रसिद्ध आहे. त्यांच्या राजकीय निष्ठांशी समाजवाद्यांचे मतभेद होते आणि स्टालिनच्या राज्याविषयी ते असावयासच हवे होते. तो वाद येथे नको. येथे पाहावयाचे ते पोवाड्याचे कार्य. वाचणारा एक होता, ऐकणारे हजारो. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही डफावर व्होल्गा ऐकू आली. वाचन म्हणजे एकट्याने, मुकाट्याने, दिव्याखाली करावयाची क्रिया, ही समजूत मध्यमवर्गाची. पोथी ऐकणाऱ्या, कीर्तनाला बसणाऱ्या समाजाला मोठ्याने वाचून दाखविणे नवे नाही. फक्त पोथी बदलावी लागेल.

आणि जोतीराव फुले? तरुणपणी त्यांनी टॉमस पेन वाचला, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रोंची दास्यातून मुक्तता केली. पुण्यात बसून मिसिसिपीकाठचा गुलाम दिसला, म्हणून आपल्या दारातला गुलाम अधिक स्पष्ट दिसला. जग वाचणे हौस आहे म्हणणाऱ्यांनी ती अर्पणपत्रिका एकदा पाहावी.

आता पैशाचा प्रश्न. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे भाडे कोणी तरी भरलेले असते. हे कोणी भरले, यावर वाचकाला कोणते जग दिसेल हे पुष्कळसे ठरते. एकेकाळी जिल्ह्या-जिल्ह्यांच्या पुस्तकप्रदर्शनांत सोव्हिएत प्रकाशनांची मराठी पुस्तके अत्यंत स्वस्तात मिळत. जाड पुठ्ठा, सुरेख चित्रे, आणि किंमत चहा-भजीची. त्या पुस्तकांमुळे चेखव, टॉलस्टॉय, गॉर्की मराठी घरांत गेले, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच मालेत सायबेरियाच्या श्रमछावण्यांचे पुस्तक येणार नव्हते, हेही खरे. अमेरिकेनेही धान्याच्या मोबदल्यात जमलेल्या रुपयांतून आपली पाठ्यपुस्तके भारतात स्वस्त केली, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीने बाजारपेठेचे गुणगान त्या स्वस्त आवृत्त्यांतून पाठ केले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती पुस्तके थांबली. मराठी वाचकाच्या कपाटातला एक खण एका परकीय राज्याच्या पतनाबरोबर रिकामा झाला. परक्याच्या अनुदानावर उभे असलेले वाचन असेच संपते.

आपल्या शेजारी एक वेगळा प्रयोग झाला होता. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. दत्तक जाईपर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, त्यांना अक्षरओळख नव्हती. ज्याला अक्षर उशिरा मिळते त्याला त्याची किंमत अधिक कळते, असे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहून म्हणावेसे वाटते. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला प्रारंभ करून १९०६ मध्ये त्यांनी ते सर्व राज्याला लागू केले. पण शाळा सोडलेला मुलगा वाचावयास काही नसेल तर चार वर्षांत पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांना दिसले. म्हणून १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. गावाने काही रक्कम उभी केली की तितकीच स्थानिक मंडळाने द्यावयाची आणि तितकीच सरकारने. जेथे वाचनालय उभे राहणार नाही तेथे पुस्तके लाकडी पेट्यांतून पाठवावयाची. एक पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी जावयाची. बडोदे राज्याचे सोनगड आणि व्यारा हे महाल आपल्या नवापुराला लागून आहेत. सरहद्दीच्या अलीकडे, इंग्रजांच्या खानदेशात, अशी पेटी येत नव्हती. राजा लोकशाहीवादी होता असे म्हणावयाचे नाही. पण पुस्तक गावापर्यंत नेण्याची जबाबदारी राज्याची, आणि त्यात गावाचाही वाटा, हे सूत्र त्याने हिशेबात उतरविले.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? ग्रंथालयाचा देशातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच केला होता. मद्रास राज्याने १९४८ मध्ये कायदा केला आणि मालमत्ताकराबरोबर ग्रंथालयासाठी उपकर घेण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये. त्यात उपकर नाही, अनुदान आहे. उपकर हा वाचकाचा हक्क असतो, अनुदान ही सरकारची मर्जी. खर्चात काटकसर करावयाची झाली की कोणत्या खात्यावर पहिली कात्री चालते, हे अंदाजपत्रक वाचणाऱ्याला ठाऊक असते. आणि अनुदान मिळते ते जेथे संस्था नोंदलेली आहे, जागा आहे, नोंदवह्या आहेत, लेखापरीक्षण झालेले आहे तेथे. म्हणजे जेथे आधीच शिकलेली माणसे आहेत तेथे. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळावे, असा हा क्रम आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर होते आणि नंदुरबार जिल्ह्यात ६४ टक्के. राज्यातल्या सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. स्त्रियांचे प्रमाण त्याहूनही खाली. जेथे गरज मोठी तेथे पेटी आधी, हे सयाजीरावांना कळलेले गणित आपल्या अनुदानाच्या नियमांत कोठे दिसत नाही.

उरला भाषेचा प्रश्न, आणि या जिल्ह्यात तोच सर्वांत नाजूक. मराठीतून जग वाचा, असे आपण सहज म्हणतो. पण सातपुड्यातल्या मुलाच्या घरात मराठी नाही. तेथे भिली आहे, पावरी आहे. नवापुराकडे मावची आहे. मैदानात अहिराणी आहे, गुजरी आहे. त्या मुलाला मराठी पुस्तक हेच परदेशातले पहिले पुस्तक असते. जग वाचण्याचा त्याचा प्रवास आपल्याला वाटतो त्याच्या एक मुक्काम अलीकडून सुरू होतो, आणि आपण त्याला मागे पडलेला म्हणतो! नर्मदेच्या खोऱ्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘लढाई-पढाई साथ साथ’ म्हणत जीवनशाळा उभ्या राहिल्या, तेव्हा तेथे मुलांच्या घरच्या बोलीतून मराठीकडे जाण्याचा प्रयत्न झाला. धरणाच्या पाण्याने यातल्या काही शाळांच्या जागाही गिळल्या. तरी शाळा चालल्या.

आणि उलट्या दिशेचा प्रवासही येथूनच झाला आहे. वाहरू सोनवणे हे शहादे परिसरातल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी. १९७२ नंतर या भागात भूमिहीनांची जी चळवळ उभी राहिली, तिच्यात ते कार्यकर्ते होते. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली आला. त्यात भिली आणि मराठी शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या कविता पुढे इंग्रजीतही गेल्या. लंडनच्या एखाद्या वाचकाने भारताचे पुस्तक शोधावयास घेतले, तर त्याला पहिल्याने दिल्ली-मुंबईतले इंग्रजी लेखक दिसतील. पण ‘भारताचे एक पुस्तक’ म्हणून कोणते घ्यावे, या प्रश्नाला ‘गोधड’ हेही उत्तर आहे. एक देश म्हणजे एक पुस्तक, या हिशेबातला दोष येथे कळतो. ज्या देशात एकट्या नंदुरबार जिल्ह्यात पाच-सहा भाषा नांदतात, त्याला यादीतली एक ओळ कशी पुरेल? आणि मग आपणही नायजेरियाचे एक पुस्तक वाचून नायजेरिया कळला असे म्हणू नये.

तेव्हा कळसाडीत हा संकल्प कसा करावा? १९६ चा आकडा सोडून द्यावा. वर्षाला सहा पुस्तके पुरेत, पण ती गटाने वाचावीत. ऊसतोडीची कुटुंबे गावात असतात त्या महिन्यांत वाचन ठेवावे. ती नसताना ठेवले तर ज्यांच्यासाठी केले तेच गैरहजर. रोज अर्धा तास, जेवणानंतर, एकाने मोठ्याने वाचावे. वाचणारा दर आठवड्याला बदलावा, आणि त्यात एक तरी मुलगी असावी. नाहीतर चार तरुणांचा आवाज घुमत राहील आणि बायका भांडी घाशीत दुरून ऐकतील. मध्ये कोणी ‘आपल्याकडेही असेच आहे’ म्हणाले, किंवा ‘हे काही पटत नाही’ म्हणाले, की पुस्तक मिटावे आणि बोलावे. बोलणे भिलीत झाले तरी चालेल, किंबहुना व्हावेच.

पुस्तके विकतच घेतली पाहिजेत असे नाही. तालुक्याच्या वाचनालयाला लेखी अर्ज करावा, आणि नकार आला तर तोही लेखी घ्यावा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये. ते सारे आता मोबाइलवर फुकट वाचता येते. पुस्तकात एखाद्या देशाचे नाव आले की तेथे तो देश पाहावा; शिक्षकाकडून शाळेचा नकाशा संध्याकाळपुरता मागून आणावा. मोबाइल हाती आहे म्हणजे जग हाती आहे, असे मात्र समजू नये. त्यात जग आपल्याला शोधत येते, तेही काहीतरी विकावयास. पुस्तकात आपल्याला जगाकडे चालत जावे लागते.

एक वही ठेवावी. तिच्यात चार रकाने: पुस्तक, देश, वाचले कोणी, ऐकले किती जणांनी. शेवटच्या रकान्यात पाचव्या आठवड्यात आकडा घसरेल. तसा तो सर्वत्र घसरतो. घाबरू नये, पुस्तक बदलावे. आणि कपाटाची किल्ली सरपंचाच्या, सचिवाच्या किंवा कोणा कार्यकर्त्याच्या खिशात ठेवू नये. तो लग्नाला गेला की आठवडाभर जग बंद. किल्ली शाळेच्या पुढच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली बरी. दोन-चार पुस्तके हरवतील. हरवलेली पुस्तके कोणाच्या घरी निघतात, तेवढे पाहावे; बहुधा तोच आपला पुढचा वाचणारा असतो.

पहिले पुस्तक कोणते घ्यावे, ते आता चहा घेता घेता तुम्हीच ठरवा.